बांधीचं घर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भंडाऱ्याबाहेरचं वडिलांचं घर मी एक शब्द बोलून विकलं. शब्द खरा होता. त्या दिवशी माझ्या तोंडून खोटं एक अक्षर गेलं नाही, आणि गेली सहा वर्षं मी स्वतःला हेच ऐकवतो आहे. आता बावन्नावं चालू आहे. ऐकून ऐकून मलाच त्याचा वीट आला.

पण घराचं सांगायचं तर आधी काकाजींचं सांगावं लागेल. कारण त्या घराची जी काही बदनामी झाली ती त्यांच्या नावावर चढली, माझ्या नाही.

काकाजी नात्याने माझे कोणी नव्हते. ते आणि वडील जवाहरनगरला फॅक्टरीत एकाच काळात होते. वडील मशीनवर, काकाजी कँटीनमध्ये. तीस वर्षं त्यांनी कामगारांसाठी भात शिजवला. रिटायर झाल्यावर माणसं शेती बघतात, नातवंडं बघतात. काकाजींनी एक भलताच उद्योग काढला. कुठे एखादं घर विकायला निघालेलं असावं, वर्ष वर्ष गिऱ्हाईक लागू नये, मालक टेकीला यावा, की काकाजी सायकलवर पत्र्याची पेटी लादून तिथे हजर व्हायचे. दलाल म्हटलेलं त्यांना खपत नसे.

"दलाल घर दाखवते," ते म्हणायचे. "मी घर बसवतो."

'बसवणं' हा त्यांचाच शब्द. गवई गाणं बसवतो, तसं ते घर बसवायचे. त्यासाठी गिऱ्हाईक यायच्या तीन दिवस आधीपासून त्या रिकाम्या घरात जाऊन राहायचे. प्रत्येक खोलीत एकेक दुपार झोपायचे. कुठल्या खोलीत ऊन येतं, कुठे घाम फुटतो, कुठे शेजारचा रेडिओ ऐकू येतो, हे अंगावर घ्यायचे. दारांशी बोलायचे. कुरकुरणाऱ्या दाराला "काहून रडून राहिलास बे?" असं विचारून बिजागरीत तेल सोडताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. अंगात कँटीनची जुनी खाकी हाफपँट, वर पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. त्या वेशात हा उंच, काटकुळा म्हातारा रिकाम्या घरात फिरताना दिसला की शेजारच्या बायका आधी घाबरायच्या आणि मग चहा आणून द्यायच्या.

पेटीत काय असायचं? चार जोड चपला: एक पुरुषाचा, एक बाईचा, एक म्हाताऱ्या माणसाचा, एक लहानग्याचा. त्या दारात काढून ठेवायच्या, त्याही सरळ रांगेत नाही. आताच कोणी घाईने आत गेल्यासारख्या. "दारात चप्पल नाही, त्या घरात मानूस कायले पाय टाकन?" मग दोरीवर वाळत घालायला कपडे. ते स्वतःच्या घरून आणायचे. त्यांच्या सुनेच्या साड्या निम्म्या जिल्ह्यातल्या सांदवाड्यांत, म्हणजे परसांत, वाळल्या असतील. ती एकदा माझ्यासमोरच म्हणाली होती, "मामाजी, घर विका, पण घरासंगं माई साडी नोका देऊन येत जाऊ. मागच्या वेळी निळी गेली थे गेलीच."

देवळी असली तर ती पुसून, चुना मारून रिकामी ठेवायची, हा त्यांचा कडक नियम. मालकाचे देव आधीच काढून घ्यायला लावायचे. "ज्याचा देव थो आणन. कोणी बुद्ध आणन, बाबासाहेबाचा फोटो आणन, कोणी गणपती आणन. आपण जागा पुसून ठेवाची बस."

आणि शेवटी भात. गिऱ्हाईक अकराला येणार असेल तर साडेदहाला भाताचा गंज, मोठं पातेलं, चुलीवर चढायचा. तांदूळ चिन्नोरच. हा सुवासिक तांदूळ आमच्या भागात घरोघरी ठाऊक आहे. त्याचा वास पहिल्या उकळीला पुढच्या छपरीपर्यंत येतो आणि दुसऱ्या उकळीला गेटपर्यंत. कोरं, बंद, चुन्याचा वास मारणारं घर त्या वासाने एकदम कोणाचं तरी होऊन जायचं. पाहायला आलेली माणसं भिंती बघायचं विसरून विचारायची, "स्वयंपाक चालू आहे का?" की काकाजी आतून ओरडणार, "जेवूनच जा जी. घर काय, पळून जाऊन नाही राहिलं."

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हुशार म्हातारा, लोकांना भुलवायचा. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण पेटीत आणखी एक वस्तू असायची: गेरूचा खडा.

तीन दिवस राहून घराची मुख्य खोट सापडली की काकाजी तिच्याभोवती गेरूने गोल काढायचे. मोठा, ठसठशीत, ताटाएवढा. बाकी सगळं ते झाकायचे, रंगवायचे, घासायचे. हे एक उघडं. आणि गिऱ्हाईक जेवायला बसलं की पहिल्या घासाआधी ती खोट मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायची. काकाजींनी नाही, मालकाने. "मी सांगतलं तर थे धंद्याचं बोलणं वाटते. ज्यानं घरात दिवस काढले त्यानंच सांगाचं." सांगून झालं की काकाजी ओलं फडकं घेऊन यायचे, सगळ्यांसमोर तो गोल पुसायचे आणि मग भात वाढायचे.

ह्यापायी मालक लोक रडकुंडीला यायचे. सिहोऱ्याच्या एका धान-व्यापाऱ्याचं घर होतं. मागच्या भिंतीपलीकडे मसणवट. त्याने काकाजींचे पाय धरले, "काकाजी, भिंत दोन हात उंच करतो, पण हे नका बोलायला लावू." काकाजींनी चुलीवरचा गंज उतरवून खाली ठेवला. "मंग मी जातो. भात तू खा." शेवटी त्या व्यापाऱ्याने घाम पुसत पुसत सांगितलं. समोर बसलेले रिटायर मास्तर भिंतीकडे पाहून म्हणाले, "शेजारी शांत आहेत म्हणायचे." घर सुटलं. विकलं जाण्याला काकाजी सुटणं म्हणायचे.

नाकाडोंगरीकडच्या एका घराच्या सांदवाडीत मोहाचं जुनं झाड होतं. मोह पडायला लागला की पहाटे अस्वल यायचं. मालकाने अडखळत अस्वलाचं सांगितलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, "पण मोह तर घरासंगंच येते ना?" हा किस्सा काकाजी इतक्यांदा सांगायचे की शेवटचं वाक्य ऐकणारेच म्हणून टाकायचे.

घर सुटलं की काकाजी मेहनतान्याशिवाय एक वस्तू मागून घ्यायचे: घराचं जुनं कुलूप. नवा मालक तसंही कुलूप बदलतोच. काकाजींच्या घरात शिरताच डाव्या हाताची भिंत कुलपांनी भरलेली होती. पितळी, लोखंडी, गंजलेली, काही तळहाताएवढी. सगळी उघडी. एकाचीही किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

"हे सगळे सांगून सुटलेले," ते भिंतीकडे हात करून म्हणायचे. "एकही दाबून नाही."

आता आमचं घर.

भंडाऱ्याच्या आसपास गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरांच्या प्लॉटचे जे लेआउट पडले, त्यांतले कितीतरी धानाच्या शेतांत मुरूम टाकून झाले. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेला तुकडा. वडिलांनी प्लॉट घेतला तो अशाच एका बांधीतला, आणि तीही सगळ्यांत खोलगट. स्वस्त मिळाला म्हणून घेतला. घर चांगलं बांधलं, विटा उत्तम, स्लॅब मजबूत. पण श्रावणात पाऊस लागून राहिला की मागच्या खोलीची फरशी आधी काळी पडायची, मग ओली व्हायची, आणि एखाद्या वर्षी फरशीच्या सांध्यातून चक्क खेकडा वर यायचा. बोटभर, मातकट. वडील त्याला सुपात घेऊन बाहेर सोडायला जायचे. "जुना मालक आला पाहाले," म्हणायचे. आई म्हणायची, "चार येऊ द्या, मंग भाजी करतो." आम्ही हसायचो. त्या घरात राहणाऱ्याला हे हसण्यासारखंच होतं. विकणाऱ्याला नव्हतं.

आईवडील पाठोपाठ गेले. मी नागपुरात नोकरीला. घर दोन वर्षं विकायला ठेवलं होतं. इकडे नागपुरात मी फ्लॅट बुक करून बसलो होतो. बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या होत्या आणि जूनअखेरपर्यंत उरलेली रक्कम भरली नाही तर बुकिंग रद्द होणार होतं. जेवायला वाढताना बायकोचे मोकळे हात माझ्या ताटाशी यायचे.

मी काकाजींकडे गेलो. ते आले, आमच्या घरात तीन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा मागच्या खोलीत फरशीवर पालथे पडून होते, गाल जमिनीला लावलेला.

"बाबू," न उठताच म्हणाले, "हे बांधी होती ना?"

मार्च महिना होता. फरशी कोरडी ठणठणीत.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं धुतलेल्या तांदुळाचं पाणी वासानं ओळखलं मी. जमीन नाही ओळखनार?" उठून त्यांनी खोलीच्या मध्यावर गेरूचा गोल काढला. "हे तुले सांगा लागन."

पहिलं गिऱ्हाईक भंडाऱ्यातले एक कारकून, जोडीने आलेले. चपला, साड्या, भाताचा वास, सगळं जमून आलं होतं. पानं वाढायच्या आधी मी सांगितलं, घर बांधीवर आहे, पावसाळ्यात मागच्या खोलीत ओल येते. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. जेवले बिचारे, पण मी त्यांचे घास मोजत होतो, आणि घास लहान लहान होत गेले. "विचार करून सांगतो," म्हणाले. दुसरे एक किराणावाले. त्यांनी "बांधी" ऐकल्यावर भात न खाताच हात जोडले. "शेठ, बांधीत धान लावतेत, मानसं नाही," म्हणून चालते झाले.

"काकाजी, हा नियम सोडा एकदा," मी म्हणालो. "मेचा पंधरवडा आला."

"नाही सुटत."

"मग घर नाही सुटणार."

"सुटन. ह्याच्यासाठीही कोणीतरी असन." ते भांडी घासत होते. "बाबू, खोट ऐकून जो राह्यते, थो घरासंगं राह्यते. जो नाही ऐकत, थो मंग तुयासंगं भांडत राह्यते जलमभर."

मला त्या वेळी जलमभराचं काही नव्हतं. मला जून दिसत होता.

मेअखेरीस त्या बाई आल्या. मूळच्या कराडकडच्या. नवरा फॅक्टरीत होता, बदलून आला आणि काही वर्षांतच गेला. त्याच्या जागी ह्यांना नोकरी लागली. आता क्वार्टर सोडून स्वतःचं छप्पर हवं होतं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. सगळी जन्माची पुंजी ह्या एका घरात घालणार होत्या, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं. माणसावर पटकन विश्वास टाकणारी बाई. दारातल्या चपलांपाशी त्यांनी स्वतःच्या चपला इतक्या जपून काढल्या, जणू आतल्या माणसांची झोप मोडू नये.

घर फिरून पाहिलं. मागच्या खोलीत त्यांना गेरूचा गोल दिसला. "रांगोळीची जागा का ही?" त्यांनी विचारलं.

"जेवताना सांगतो," मी म्हणालो.

"ही खोली सासूबाईंना छान होईल. शांत आहे." त्या खिडकीशी गेल्या. बाहेर लेआउट संपून शेतं सुरू होत होती, उन्हाने तडकलेली. "ही भाताची खाचरं ना? पावसाळ्यात भरली की काय सुरेख दिसत असतील. त्यांना पडल्या पडल्या दिसतील."

खाचरं.

मी नागपुरात ज्या ऑफिसात आहे तिथे अर्धी माणसं पुण्या-साताऱ्याकडची आहेत. धानाला ते भात म्हणतात आणि बांधीला खाचर, हे मला चांगलं माहीत होतं. आणि ज्या क्षणी बाईंनी तो शब्द उच्चारला, त्या क्षणी मला हेही कळलं, की बांधी हा शब्द त्यांच्या कानाला ओळखीचा नाही. क्वार्टरमध्ये राहणारी बाई. तिथे शेजारी देशभरचे, बोलणं हिंदीत. कोणी सांगितलं असणार तिला बांधी म्हणजे काय?

खिडकीपासून जेवणाच्या पाटापर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. माझ्या डोक्यात जे झालं ते तेवढ्यात झालं. लोक म्हणतात, कसं झालं कळलं नाही. मला सगळं कळत होतं. डोकं थंड होतं.

काकाजी स्वयंपाकघरात होते. गंजावरचं झाकण वाजलं. मग त्यांचा आवाज आला, "बाबू, सांगतलं का?"

मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, त्यांना आत ऐकू जाईल असं: "ताई, एक गोष्ट आधीच सांगतो. हे घर बांधीचं आहे."

बाईंनी मान वर करून स्लॅबकडे पाहिलं, भिंतीवर हात ठेवला आणि हसून म्हणाल्या, "ते दिसतंयच की! बांधीव घर लगेच ओळखू येतं."

आत झाकण परत खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्यात काकाजींना तिचं हसू ऐकू गेलं असावं, शब्द नाही. काकाजी ओलं फडकं घेऊन बाहेर आले. चेहरा इतका फुललेला होता की मला तिकडे पाहवेना. ते मागच्या खोलीत गेले, गुडघे टेकून बसले आणि गोल पुसला. पुसून परत आले ते थेट बाईंना म्हणाले, "ऐकूनही हसली तुमी. तुमी ह्या घरात सुखी राह्यसान." बाईंना ते नीट कळलं नसावं, म्हाताऱ्या माणसाचा आशीर्वाद समजून त्यांनी वाकून नमस्कार केला.

मग आम्ही जेवलो. मी तीनदा भात घेतला.

जूनअखेर पैसे भरले. फ्लॅट मिळाला. पुढे बायकोच्या हातात पाटल्याही आल्या, जरा हलक्या. काकाजींनी आमचं पितळी कुलूप नेऊन भिंतीवर लावलं.

त्या वर्षी श्रावणात पाऊस आठ दिवस हलला नाही. नागपुरात खिडकीशी बसून मी तो मोजत होतो. फोन वाजला की आधी नंबर बघायचो. नवव्या दिवशी आला तो काकाजींचाच.

"बाबू, थे बाई माया घरी आली होती. म्हणते सासूच्या खाटेखाली पाणी आहे, खेकडा निंगाला. मी म्हणलं, तुमाले सांगतलं होतं ना. तर म्हणते, कोणी नाही सांगतलं. चार लोकायसमोर म्हणाली बापा, भात चारून फसवलं म्हणून."

मी खिडकी लावून घेतली.

"तू सांगतलं होतं ना बाबू? मी ऐकलं ना?"

"सांगितलं होतं काकाजी. तुमच्यासमोरच."

"हाव ना! मीही तेच म्हणलं." त्यांना केवढा धीर आला ते आवाजातच कळलं. "मंग तू एक काम कर. ये एकदा. तिच्यासमोर फक्त एवढं सांग, का मी सांगतलं होतं म्हणून. माया जबानीचा सवाल आहे. रविवारी ये. मी तिच्याच घरी भात लावतो, तिघं बसू."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

रविवारी मी खरंच निघालो. बायकोला सांगितलं, घराच्या कागदाचं थोडं काम आहे. भंडाऱ्याची बस पकडली, तिकीट शेवटपर्यंतचं काढलं. सारा रस्ता मी एकच वाक्य घोटत होतो: मी सांगितलं होतं. पण बाई विचारणार, काय सांगितलं होतं? आणि मला म्हणावं लागणार, बांधीचं. मग त्या विचारणार, म्हणजे काय? आणि काकाजी तिथे बसलेले असणार. अर्ध्या वाटेत मौद्याला बस थांबली आणि मी उतरलो. स्टँडवर दीड तास बसलो. फोन चार वेळा वाजला. चौथ्या वेळेनंतर नागपूरची बस आली, तिच्यात चढलो.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. ह्या वेळी उचलला.

"काकाजी, बस चुकली..."

"राहू दे." आवाज शांत होता, थकलेला. "तुयी वाट पाहून पाहून भात गार झाला. मंग आमी दोघंच जेवलो. बोलता बोलता बाई म्हणाली, तुमचे साहेब तर म्हणाले होते, घर बांधीव आहे." त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला. "बांधीव. मंग मले समजलं."

बायको आत होती. मी दार ओढून घेतलं.

"तू मले सांगतलं बाबू," काकाजी म्हणाले. "तिले नाही सांगतलं."

मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलं तिला मग?"

हे विचारताना मला काय हवं होतं तेही लिहितो, आता लपवून काय करायचं. मला हवं होतं की त्यांनी माझं नाव घेतलेलं नसावं.

"म्हणलं, चूक माई. समोरच्याले समजलं का नाही, हे पाहाचं काम मायं होतं. मी भाताकडे पाहत राह्यलो." मग म्हणाले, "गेटवर तुया बापाच्या नावाचा दगड आहे अजून. बाईनं काढला नाही. त्या दगडासमोर तुयं नाव कसं घेऊ?"

फोन ठेवला. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

महिन्याभराने पोस्टाने एक पुडकं आलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आमचं पितळी कुलूप. चिठ्ठी नव्हती. बायकोने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "घराची आठवण म्हणून पाठवलं असेल." ती म्हणाली, "किती जीव लावणारी माणसं असतात ना तुमच्याकडे."

काकाजींनी पुढे एकही घर बसवलं नाही. कोणी बोलावलंही नसेल. लेआउटमध्ये त्यांचं नाव आजही 'भात चारून फसवणारा म्हातारा' असंच निघतं. मी एकदा नागपुरात एका लग्नात ते स्वतःच्या कानाने ऐकलं. सांगणारा हसत होता, आणि मी समोर ताट घेऊन उभा होतो. मीही थोडा हसलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेचा फोन आला. काकाजी गेले होते, तेरवीही होऊन गेली होती. मी विचारलं, आजारी होते का? म्हणाली, वय झालं होतं. मग आपणहून सांगायला लागली. दर पावसाळ्याआधी मामाजी त्या बाईच्या घरी जायचे. घराभोवती नाली खणायचे, पाणी बाहेर काढायला. पहिल्या वर्षी बाईनं गेट उघडलं नाही, तर बाहेरूनच खणली. दुसऱ्या वर्षी गेट उघडलं. तिसऱ्या वर्षी चहा दिला. "शेवटच्या वर्षी कुदळ उचलत नव्हती त्यायच्यानं, तरी गेले. मी म्हणलं, मामाजी, तुमचं काय अडलं तिथं? तर म्हणते, एक गोल पुसला मी, न सांगता. थो मलेच वापस काढा लागन."

मग म्हणाली, "भाऊजी, एक इचारू? भिंतीवर एका कुलपाची जागा खाली आहे. बाकी सगळे जागच्या जागी. थे कोणाचं होतं, तुमाले माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

हे मात्र खोटं होतं. सबंध प्रकरणात उघड उघड बोललेलं माझं आणखी एक खोटं, आणि तेही कशासाठी, तर एका खिळ्यासाठी.

ऐकलं आहे की त्या नालीने ओल पुष्कळ कमी झाली. सासूबाई अजून आहेत, त्याच खोलीत. खिडकीतून पावसाळ्यात भरलेलं शेत त्यांना दिसत असेल. बाई काकाजींबद्दल आता काय मानतात मला माहीत नाही. कदाचित चुकलेला पण पश्चात्ताप झालेला म्हातारा, असं मानत असतील. तसं असेल तर ते आणखी वाईट.

कुलूप माझ्या कपाटात खालच्या खणात आहे.

मी एक रविवार देणं लागतो. मौद्याला न उतरता भंडाऱ्यापर्यंत जायचं, वडिलांच्या नावाच्या दगडापाशी गेट वाजवायचं, आणि त्या बाईंना त्यांच्या शब्दांत सांगायचं: हे घर खाचरावर बांधलेलं आहे, मला ते ठाऊक होतं, आणि त्या म्हाताऱ्याला मी फसवलं तसंच तुम्हालाही. एवढं देणं बाकी आहे. अजून दिलेलं नाही.